कोकणात उतरलेला अग्निरथ

होळी पौर्णिमेच्या सायंकाळी ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या गाडीतून बाहेर दृष्टी टाकावी. कळव्यापासून ठाकुर्लीपर्यंत जागोजागी होळ्या पेटलेल्या दिसतात. आगरी-कोळी वस्त्यांतून उंच उभारलेली होळी, तिच्याभोवती रचलेली लाकडे आणि पेंढा, नारळ अर्पण करून प्रदक्षिणा घालणाऱ्या सुवासिनी, आणि डोंबिवली-कल्याणच्या इमारतींच्या आवारांत पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन उभी राहिलेली कुटुंबे, हे दृश्य आपल्या नित्य परिचयाचे आहे. प्रह्लादाची कथाही तशीच परिचयाची. आत्या आणि भाचा एकाच चितेवर बसले. ज्वाळा दोघांनाही त्याच होत्या. परंतु होलिका भस्मसात झाली आणि बाळ प्रह्लाद नामस्मरण करीत सुखरूप बाहेर आला. या कथेतील अग्नी नुसता जाळीत नाही. तो निवाडा करतो.

आज त्याच अग्नीची एक निराळी कथा वाचकांपुढे ठेवावयाचे आम्ही योजिले आहे. ती आपल्या पुराणांतील नव्हे, यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांतील आहे. तथापि परकी म्हणून बाजूस सारावी अशीही ती नाही. कारण तिचा नायक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या घरांतून आळविला जात आहे, त्याला नवस बोलले जात आहेत आणि ते नारळ-पोह्यांनी फेडले जात आहेत. ठाण्याच्या टेंभी नाक्याला नवरात्रात देवीच्या दर्शनासाठी आपण सारे जातो. तेथून जवळच 1879 साली बांधलेले एक सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर, आहे. त्याचे हिब्रू नाव शआर हाशामायिम, अर्थात स्वर्गाचे द्वार. तेथे प्रार्थनेस जमणारी मंडळी बेने इस्रायल होत. आपले पूर्वज गलबत फुटून अलिबागेजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालविले; शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पेणकर, राजपूरकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे आपल्याच गावांवरून पडलेली. आणि त्यांच्या मनात मोशेच्या खालोखाल ज्याचे स्थान, तो हा आमच्या कथेचा नायक: एलियाहू हन्नबी, मराठी बायबलातील संदेष्टा एलिया.

नबी या शब्दाचा अर्थ आधी नीट ध्यानात घेतला पाहिजे. भविष्य सांगणारा म्हटले की आपल्यापुढे पंचांग आणि कुंडली उभी राहते. हिब्रू नबी तसा नव्हता. त्याने ग्रह पाहिले नाहीत, मुहूर्त काढले नाहीत. ईश्वराने जे बोलावयास सांगितले ते राजाच्या तोंडावर बोलणे हे त्याचे काम. पुढे काय होणार हे तो सांगे ते एवढ्यासाठीच की ऐकणाऱ्याने वेळीच मागे फिरावे. हे नबी आपल्या वाणीत वारंवार अग्नीचे रूपक वापरतात. आमोस नावाचा मेंढपाळ संदेष्टा अन्यायी राजधान्यांच्या तटांवर आग पडेल असे बजावतो. यिर्मयाला ईश्वराचे वचन आपल्या हाडांत कोंडलेल्या अग्नीसारखे वाटते. ते आत ठेवता येत नाही आणि बाहेर काढले की लोक मारावयास उठतात. यशयाच्या ओठांना देवदूत वेदीवरचा निखारा लावतो, आणि त्याने ओठ भाजत नाहीत, पाप तेवढे जाते. या सर्वांनी अग्नी शब्दांत वापरला. एलियाच्या मात्र आयुष्यातच तो उतरला, आणि म्हणून त्याचे चरित्र वाचले की त्या रूपकाचा अर्थ उलगडू लागतो.

काळ इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकाचा. शलमोन राजाच्या पश्चात त्याच्या राज्याची दोन शकले झाली होती. त्यांतील उत्तरेकडच्या इस्रायलच्या राज्यावर अहाब नावाचा राजा होता. हा राजा काल्पनिक नव्हे, इ. स. पूर्व 853 मध्ये असुर देशाच्या शल्मनेसर राजाशी लढलेल्या राजांच्या यादीत त्याचे नाव शिलेवर कोरलेले सापडले आहे. अहाबाने सीदोनच्या राजाची कन्या ईजबेल हिच्याशी विवाह केला. तिच्या माहेरी बआल या पर्जन्यदेवतेची उपासना चाले. ती तिने राजसत्तेच्या बळावर सासरी आणली आणि जुन्या धर्माच्या नब्यांना वेचून ठार मारावयास आरंभ केला. ओबद्या नावाच्या राजसेवकाने शंभर नबी गुहांतून लपवून वाचविले, अशी त्या वेळची स्थिती होती.

अशा समयी यार्देन नदीपलीकडच्या गिलाद प्रांतातून, तिश्बे गावचा एक मनुष्य राजापुढे येऊन उभा राहिला. त्याचे आईबाप कोण, तो काय करीत असे, काहीच ग्रंथात दिलेले नाही. केसाळ वस्त्र आणि कमरेला चामड्याचा पट्टा एवढेच त्याचे वर्णन. त्याने राजाला सांगितले की यापुढे आपण सांगू तेव्हाच पाऊस पडेल, आणि तो निघून गेला. पर्जन्यदेवतेच्या उपासकांपुढे अवर्षण उभे करणे ही त्या विवादाची पहिली खेळी होती.

अवर्षणाचे चटके ज्याने बोलावले त्यालाही बसले. करीथ नावाच्या ओहोळाकाठी तो लपून राहिला. कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ अन्न आणून देत. पुढे तो ओहोळही आटला. तेव्हा ईश्वराने त्याला पाठविले कोठे, तर सारफथ गावी, म्हणजे सीदोनच्या मुलखात, ईजबेलच्याच माहेरी! तेथे एक विधवा काटक्या गोळा करीत होती. घरात मूठभर पीठ आणि बुधल्याच्या तळाशी थोडे तेल, एवढ्याची शेवटची भाकरी करून मुलासह खावयाची आणि मग मरणाची वाट पाहावयाची, असा तिचा विचार होता. एलियाने तीच भाकरी आधी मागितली. तिने दिली. त्यानंतर अवर्षण संपेपर्यंत त्या घरातील पीठ सरले नाही आणि तेलही आटले नाही. द्रौपदीच्या थाळीची ज्यांना आठवण होईल त्यांना ती होऊ द्यावी. तिचा मुलगा पुढे आजारी पडून गतप्राण झाला, तोही एलियाच्या प्रार्थनेने उठून बसला. ज्या परक्या देशाच्या देवतेविरुद्ध त्याचा एवढा कडवा झगडा, त्याच देशातील एका दरिद्री स्त्रीच्या चुलीवर त्याचा जीव तगला, ही गोष्ट पुढील प्रसंग वाचताना आपण विसरू नये.

तिसऱ्या वर्षी कर्मेल पर्वतावर सारी प्रजा जमली. एका बाजूस बआलचे साडेचारशे पुजारी, दुसऱ्या बाजूस एकटा एलिया. अट अशी ठरली की दोघांनीही त्या काळच्या विधीप्रमाणे वृषभाचा बळी वेदीवर ठेवावा, पण आग कोणी लावू नये. ज्याच्या देवाकडून अग्नी येईल तो देव खरा. पुजाऱ्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत धावा केला, नाचले, अंगावर शस्त्रांचे वार करून घेतले. काही झाले नाही. सायंकाळच्या नैवेद्याच्या वेळी एलियाने मोडकळीस आलेली जुनी वेदी बारा दगडांनी पुन्हा रचली, भोवती चर खणला, आणि चार घागरी पाणी तीनदा तिच्यावर ओतविले. लाकडे ओलीचिंब झाली, चर भरला. मग त्याने अगदी थोड्या शब्दांत प्रार्थना केली. आकाशातून अग्नी उतरला आणि बळी, लाकडे, दगड, माती यांच्यासह चरातील पाणीदेखील त्याने शोषून घेतले. लोक पालथे पडले. त्यानंतर एलियाच्या आज्ञेवरून त्या पुजाऱ्यांना कीशोन ओढ्याकाठी नेऊन ठार करण्यात आले. समुद्रावर तळहाताएवढा ढग दिसला आणि धो धो पाऊस कोसळला.

येथे आमच्या वाचकांच्या मनात किंतु आल्यावाचून राहणार नाही, आणि तो दडपून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. देवाला मूर्तीत पाहणारी आपली घरे. यहुदी धर्म मूर्ती मानीतच नाही. कर्मेलवरील विजयाची कथा आपण कोणत्या बाजूस उभे राहून वाचावी? शिवाय अग्नीने निवाडा दिल्यावर पुन्हा माणसांनी शस्त्र का उचलावे? ग्रंथकर्त्याने कीशोनच्या काठी जे घडले त्याची स्तुतीही केलेली नाही, निंदाही नाही. पण त्याने लगेच पुढे जी कथा ठेवली आहे तिच्याकडे लक्ष दिले म्हणजे बरेच काही कळते. आमच्या मते या चरित्राचा गाभा कर्मेलवर नाहीच. तो होरेबवर आहे.

ईजबेलने निरोप धाडला की उद्या या वेळेपर्यंत तुझीही तीच गत करीन. आणि ज्याच्या शब्दाने आकाशातून आग उतरली तो मनुष्य जीव घेऊन पळाला. दक्षिणेस बैरशेबापर्यंत जाऊन त्याने सेवकाला मागे ठेवले, एकटाच रानात शिरला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि ईश्वराजवळ मरण मागू लागला. आपण पूर्वजांहून काही बरे नाही, हे त्याने त्या वेळी कबूल केले. देवदूताने त्याला दोनदा उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकरी आणि पाणी दिले. कर्मेलच्या त्या महाअग्नीनंतर या कथेत आलेला अग्नी एवढाच: भाकरी भाजणारा.

तेवढ्या अन्नावर तो चाळीस दिवस चालून होरेब पर्वताला पोहोचला. मोशेला जळूनही भस्म न होणाऱ्या झुडपात ज्योतिरूपाने ईश्वराने दर्शन दिले तो हाच पर्वत. एलिया एका गुहेत राहिला. येथे काय करतोस, असे ईश्वराने विचारता त्याने गाऱ्हाणे मांडले की लोकांनी करार मोडला, नबी मारले, आता मी एकटा उरलो आहे. तेव्हा त्याला पर्वतावर उभे राहावयास सांगण्यात आले. खडक फोडणारा वारा सुटला. ईश्वर त्या वाऱ्यात नव्हता. भूकंप झाला, ईश्वर भूकंपात नव्हता. मग अग्नी आला, आणि ईश्वर त्या अग्नीतही नव्हता. अग्नी सरल्यावर एक अत्यंत सूक्ष्म, मंद असा स्वर ऐकू आला. तो ऐकताच एलियाने अंगरख्याने आपले तोंड झाकून घेतले.

कर्मेलवर ज्याने अग्नीला साक्ष ठेवून निवाडा मागितला त्यालाच अग्नी दाखवून, मी यात नाही, हे शिकविले गेले. अग्नी हा ईश्वराचा सेवक होय, ईश्वर नव्हे, असा याचा अर्थ आम्ही करतो. आपल्याकडेही विवाहात अग्नी साक्षीला असतो, यज्ञात तो हवी वाहून नेतो. केनोपनिषदात तर त्याच अग्नीपुढे यक्षाने गवताची एक काडी ठेवली आणि ती त्याला जाळता आली नाही, अशी कथा आहे. होरेबच्या गुहेतील नबी आणि ती उपनिषदातील काडी, यांत फार अंतर आहे असे आम्हांस वाटत नाही. मी एकटाच उरलो, या त्याच्या अभिमानालाही तेथेच उत्तर मिळाले. बआलपुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक अजून आहेत, असे त्याला सांगण्यात आले. परत फिरून त्याने बैलांच्या बारा जोड्यांनी चाललेल्या शेतात नांगर धरलेल्या अलीशा नावाच्या तरुणाच्या खांद्यावर आपला अंगरखा टाकला. अशी त्यांची गुरु-शिष्य परंपरा सुरू झाली.

त्यानंतरचा नाबोथाचा प्रसंग आमच्या जिल्ह्यातील वाचकांना विशेष समजेल. इज्रेल येथे राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. अहाबाला तो भाजीपाल्यासाठी हवा होता. बदली जमीन देतो, रोख किंमत देतो, असे तो म्हणाला. पण वाडवडिलांची जमीन विकणार नाही, असे नाबोथाने सांगितले. राजा रुसून अंथरुणावर पडला, जेवेना. ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, मोहोर उठविली, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि देवाची व राजाची निंदा केल्याचा आरोप ठेवून नाबोथाला दगडांनी ठार मारविले. सारे कसे कायदेशीर झाले. ज्या ठाणे-कल्याणच्या भातखाचरांवर आज इमारती उभ्या आहेत, तेथील जुन्या माणसांना वाडवडिलांच्या जमिनीचा अर्थ आम्ही काय सांगावा?

अहाब मळ्याचा ताबा घ्यावयास गेला तो तेथे एलिया उभा. या वेळी आकाशातून आग उतरली नाही. नाबोथाचे रक्त जेथे कुत्र्यांनी चाटले तेथेच तुझेही चाटतील, एवढा निकाल एलियाने सुनावला. तो ऐकून अहाबाने वस्त्रे फाडली, गोणपाट नेसला, उपास केला. आणि आश्चर्य असे की त्या पश्चात्तापाची नोंद वरच्या न्यायासनाने घेतली; त्याच्या घराण्यावरचे अरिष्ट त्याच्या हयातीपुरते पुढे ढकलले गेले. नब्यांच्या न्यायवाणीचे मर्म येथे प्रकट होते. ती शिक्षा वाचून दाखविण्यासाठी उच्चारलेली नसते. ऐकणारा बदलला तर निकालही बदलतो.

अहाबाचा पुत्र अहज्या आजारी पडून एक्रोन गावच्या देवाला कौल लावू लागला, तेव्हा एलियाने त्याला पुन्हा खडसावले. पकडावयास आलेल्या पन्नास-पन्नास शिपायांच्या दोन तुकड्या आकाशाग्नीने जळाल्या. तिसऱ्या तुकडीच्या नायकाने गुडघे टेकून आपल्या माणसांचे प्राण मागितले, आणि एलिया उठून त्याच्याबरोबर चालू लागला.

मग प्रस्थानाचा दिवस आला. गिलगाल, बेथेल, यरीहो या गावांतून गुरू पुढे निघाला. प्रत्येक ठिकाणी त्याने अलीशाला मागे राहावयास सांगितले आणि प्रत्येक वेळी शिष्याने ते नाकारले. यार्देनच्या पाण्यावर अंगरखा मारताच वाट झाली. पलीकडे दोघे बोलत चालले असता अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे मध्ये आले, आणि वावटळीतून एलिया वर गेला. खाली उरला तो अंगरखा. अलीशाने तो उचलला. एलियाच्या देहाला माती मिळाली नाही म्हणून तो कधीही परत येऊ शकतो, अशी यहुद्यांची श्रद्धा आहे. आपल्याकडे तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाचा दिवस, फाल्गुन वद्य द्वितीया, होळीनंतर दोनच दिवसांनी येतो. तेव्हा ही भावना आपणांस निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

यानंतर काही शतकांनी मलाखी नावाच्या संदेष्ट्याने न्यायाच्या दिवसाचे वर्णन केले. तो दिवस भट्टीसारखा धगधगेल, गर्विष्ठ आणि दुराचारी धसकटासारखे जळतील, असे तो म्हणतो. पण त्याच्याच ग्रंथात त्याआधी दुसरा अग्नी आहे, सोनाराचा. रुपे गाळणारा जसा मुशीसमोर बसून राहतो तसा ईश्वर बसेल, असे ते चित्र. सोनार जाळण्यासाठी आग पेटवीत नाही, हीण काढण्यासाठी पेटवितो. आणि रुपे मुशीत असताना तो तिच्यावरची नजर हलवीत नाही. त्या भयंकर दिवसाच्या आधी एलिया परत पाठविला जाईल, असे मलाखीच्या अखेरीस सांगितले आहे. तो येऊन काय करील? वाटेल की पुन्हा कर्मेल होईल. तसे नाही. तो बापांची मने मुलांकडे आणि मुलांची मने बापांकडे वळवील. जगाच्या निवाड्यापूर्वी या अग्निपुरुषाकडे काम आहे ते घरातला अबोला मोडण्याचे.

यहुदी आचार्यांनी यावर आणखी एक मार्मिक कथा रचली. लोकांनी करार मोडला, असा आरोप एलियाने होरेबवर केला होता ना? म्हणून यहुदी घरातील प्रत्येक मुलाच्या सुंतेच्या वेळी, जेव्हा तोच करार नव्याने पाळला जातो, तेव्हा त्याने साक्षीला हजर राहावे असे ठरले. आजही त्या विधीच्या वेळी एक आसन त्याच्यासाठी मांडलेले असते. फिर्यादीला साक्षीदार करून घरोघरी फिरविणारी ही शिक्षा मोठी गोड म्हटली पाहिजे.

आणि असाच फिरत तो कोकणात आला, असे बेने इस्रायलांचे म्हणणे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी (घाटावरचे खंडाळा ते हे नव्हे) एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकोऱ्या आणि घोड्यांच्या टापा उमटल्या आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. हिब्रू शबाट महिन्याच्या पौर्णिमेस, म्हणजे बहुधा होळीच्या महिनाभर आधी, त्या आगमनाचे स्मरण ते करतात; जुनी मंडळी त्याला एलियाहू हन्नबीचा उरूस म्हणत. त्यांच्या सणांची मराठी नावे ऐकण्यासारखी आहेत. एक खिरीचा सण, एक बिरड्याचा सण, आणि फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास येणारा त्यांचा पुरीम तो तर चक्क होळीचा सण! 1880 च्या सुमारास त्यांनी आपल्या नब्यांची चरित्रे मराठी कीर्तनातून सांगावयास आरंभ केला. 1948 नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलला गेले. उरलेल्यांची मोठी वस्ती आज ठाण्यात आहे.

आमच्या शेजारच्या अशाच एका कुटुंबात लग्न ठरले तेव्हा मलिद्याचे आमंत्रण आले. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यांत गूळ, ओल्या नारळाचा चव, वेलदोडा, बेदाणे. भोवती पाच प्रकारची फळे. हिब्रूतून एलियाहू हन्नबीचे गाणे झाले, आशीर्वचने झाली. घरातील आजीबाईंना आम्ही विचारले की आकाशातून आग पाडणाऱ्या या नबीची भीती नाही का वाटत? त्यांना प्रश्नच समजला नाही. मुलगी सासरी नीट नांदावी म्हणून त्यांनी नवस बोलला होता, आणि पौर्णिमेला मंडळी पेण-अलिबागमार्गे खंडाळ्याला जाणार होती. गाडीत नारळ किती ठेवायचे, याचीच त्यांना चिंता होती.